शिपायाच्या नावावरची रक्तपिशवी

नोकरीत पाहिलेले पुष्कळ गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. हे एक प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं समोर उभं राहतं. त्यात खून नव्हता, चोरी नव्हती, शेवटी गुन्हाही दाखल झाला नाही. आणि पहिली चूक माझी होती.

त्या वेळी मी गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शीकडच्या एका पोलीस ठाण्याचा ठाणेदार होतो. ठाण्याच्या आवारात रक्तदान शिबिर ठरलं. सकाळच्या हजेरीला मी आदेश वाचून दाखवला: प्रत्येक कर्मचारी रक्त देईल, न देणाऱ्याचा लेखी खुलासा घेतला जाईल. माझ्या डोक्यावर फलक होता, 'स्वेच्छा रक्तदान शिबिर'. त्या फलकाखाली उभं राहून मी सक्ती करत होतो आणि मला त्यात काहीच खटकलं नाही. वर्दीत माणसाला अशी सवय लागते. सगळ्यांनी सह्या केल्या, रक्त दिलं, माझा अहवाल वर गेला.

आठ-दहा दिवसांनी रक्तपेढीच्या तंत्रज्ञ बाई ठाण्यात आल्या. बल्लारपूरच्या मुस्लीम कुटुंबातल्या. वडील शिंपीकाम करायचे. बोलणं कमी आणि नेमकं.

"साहेब, तुमच्या एका शिपायाने रक्त दिलंच नाही."

"यादीत त्याची सही आहे."

"सही त्याची असेल. रक्त त्याचं नाही."

त्यांनी सांगितलं ते असं. शिबिरातल्या एका पिशवीच्या तपासणीत रक्तातून पसरणाऱ्या आजाराचा संसर्ग दिसला. फॉर्मवर नाव होतं त्या शिपायाला त्यांनी आजाराचं काही न बोलता पुन्हा तपासणीसाठी बोलावलं. तो आला, आणि सुई बघताच पांढराफटक पडून खुर्चीतून घसरला. नुकतंच रक्त देऊन गेलेला माणूस एका सुईला असा भितो? बाईंना शंका आली. नमुना तपासला तर पिशवीतलं रक्त बी पॉझिटिव्ह, याचं ओ पॉझिटिव्ह. "त्याचे रिपोर्ट चांगले आहेत. एवढं तुम्हाला सांगायची मी त्याच्याकडून परवानगी घेतली आहे," त्या म्हणाल्या.

"तुमच्याकडेच नळ्यांची अदलाबदल झाली असेल," मी म्हणालो. दोष आधी समोरच्याच्या अंगावर टाकायचा, ही आमची जुनी खोड.

बाई चिडल्या नाहीत. "चला, बघा."

त्या दिवशी मी पहिल्यांदा रक्तपेढी आतून पाहिली. पिशवीवर जो क्रमांक तोच नळीवर, तोच फॉर्मवर. पिशवीला जोडलेल्या नळीचा एक छोटा तुकडा दोन्हीकडून बंद करून जपून ठेवलेला, पुढे कधी शंका आली तर पुन्हा तपासता यावं म्हणून. बाईंनी तो तुकडाही तपासला होता. उत्तर तेच. माझ्या मुद्देमाल कक्षात इतकी शिस्त कधीच नव्हती. करंगळीएवढा तो लालसर काळा तुकडा मी वाकून पुन्हा पुन्हा पाहिला. इतके साक्षीदार तपासले, इतका सच्चा साक्षीदार पाहिला नव्हता.

पिशवी नियमाप्रमाणे नष्ट झाली होती. कुठल्याही रुग्णाला ते रक्त गेलं नव्हतं.

"मग प्रकरण संपलं," मी म्हणालो.

"संपलं कसं? तो माणूस कुठेतरी फिरतोय आणि त्याला काही ठाऊक नाही. घरी बायको असेल, लेकरं असतील. त्याला शोधायचं आहे."

"आजार कोणता?"

"ते त्याला सांगेन. तुम्हाला नाही."

माझ्या अधिकाराला इतक्या सरळ शब्दांत कोणी नाकारलं नव्हतं. राग आला. पण बरोबर त्याच होत्या, हे रागातही कळत होतं.

शिपायाला माझ्या खोलीत घेतलं. जंगलातल्या गस्तीत दोनदा जीव धोक्यात घालणारा हा गडी. पाच मिनिटं उडवाउडवी केली. मग मी विचारलं, "तुझा रक्तगट कोणता?" त्याने टोपी काढून हातात घेतली.

"साहेब, गोळीले भेत नाई मी. सुईले भेतो. तुमी म्हणलं खुलासा घेईन. काय लिहू खुलाशात? पोलीस सुईले भेते म्हणून?"

"मग कोणाला आत पाठवलंस?"

"गेटवर एक बांबूवाला होता जी. सुपं-टोपल्या विकणारा. तोच मले विचारे, मले देता येते का म्हणून. मी म्हणलो, दे ना बा, फकत नाव मायं सांग."

"आणि तो लगेच तयार झाला?"

"हव. म्हणे, मायी बहीण सिकलसेलच्या बिमारीची आहे. तिले लहानपणापासून कोणाकोणाचं रक्त चढलं. कोणाचं, मले मालूम नाई. मंग मी परत कोणाले देऊ? जो भेटल त्याले देतो."

माझ्या हुकमाने भ्यालेला एक माणूस पळवाट शोधत होता, आणि ज्याला खरंच द्यायचं होतं त्याला आम्ही खोट्या नावाने आत ढकललं होतं. फॉर्मवर कावीळ, ताप, औषधं असे सगळे प्रश्न असतात. त्यांची उत्तरं शिपायाने स्वतःची लिहिली होती. त्या माणसाला कोणी काही विचारलंच नाही.

गाव ठाऊक नव्हतं, नाव ठाऊक नव्हतं. शिपायाला चेहराही नीट आठवेना. मी जीप काढून बांबूकाम करणारी गावं पालथी घालायला निघालो होतो. बाईंनी अडवलं.

"पोलिसांची जीप एका माणसाला विचारत गावात गेली, की पुढे त्या माणसाचं गावात काय होतं, तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. आमच्या नक्षलग्रस्त भागात असा माणूस पोलिसांचा खबऱ्या ठरायचा.

"मग ओळखायचं कसं?"

"चेहरा माझ्याही लक्षात नाही. मी चेहरे बघत नाही, शिरा बघते. त्याच्या उजव्या कोपराच्या खाली बांबूची कपची घुसल्याची चंद्रकोरीसारखी खूण आहे. शिरेच्या अगदी शेजारी. त्या नावाची पिशवी भरताना सुई कुठून घालू म्हणून मी थांबले होते."

दिवसाला कितीतरी हात त्यांच्या समोर येतात. त्यातला एक हात त्यांना असा आठवत होता. मी गुन्हेगारांचे फोटो भिंतीवर लावून वर्षं काढली, तरी माझी नजर अशी तयार झाली नाही.

आठवडी बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं साध्या कपड्यांत चामोर्शीला गेलो. टोपल्यांच्या ओळीतून फिरत मी माणसांची कोपरं बघत होतो. एका म्हातारीने मला झापलंच, "काऊन भाऊ, टोपली पायतं का हात पायतं?"

चौथ्या-पाचव्या दुकानापाशी बाई थांबल्या. बनियन घातलेला तिशीतला माणूस सूप विणत होता. उजवा हात पुढे आला तशी ती खूण दिसली. शेजारी त्याची बायको बसली होती. दिवस भरत आलेले.

बाईंचा चेहरा बदललेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्या माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, आता एक दिवसही घालवता येणार नाही."

त्या त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या. "ओळखलं का भाऊ? ठाण्यात तुमचं रक्त मीच घेतलं होतं. पुन्हा एकदा तपासायचं आहे. वहिनींनाही घेऊन चला, त्यांचीही तपासणी करून घेऊ."

त्याची नजर माझ्या बुटांवर गेली. साधे कपडे घातले तरी बूट पोलिसाचेच होते. तो हात जोडून उभा राहिला. "साहेब, मी खोटं नाव सांगलो. मले जेलात टाकता का जी?"

"नाही," मी म्हणालो. "खोटं नाव आम्ही सांगायला लावलं. चूक आमची आहे."

त्याच्यावर लावायच्या तोतयेगिरीच्या कलमाचा लिहून आणलेला कागद माझ्या खिशात होता. तो मी तिथेच फाडला.

रुग्णालयात बाई आणि डॉक्टर त्या दोघांशी बंद दाराआड बोलले. मी बाहेर बाकावर बसलो. पुढचं मला त्या माणसाने स्वतः सांगितलं, आणि लिहायची परवानगीही त्यानेच दिली. ती ब प्रकारची कावीळ होती. अंगात असूनही कळू न देणारी. बायकोच्या रक्तातही निघाली. बाळाला जन्मताच लस आणि सोबतचं दुसरं इंजेक्शन मिळालं नाही, तर आईकडून ती बाळात उतरू शकते, आणि उतरली की बहुधा जन्मभर राहते. त्यांचं बाळंतपण गावातच, घरी व्हायचं ठरलं होतं.

दार उघडून तो बाहेर आला. स्वतःबद्दल विचारेल असं मला वाटलं. त्याने विचारलं ते हे: "साहेब, मायं रक्त कोणाले देल्लं तर नाई ना?"

"नाही. कोणालाच नाही."

तो माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला. मग म्हणाला, "आता मले कदी देता येणार नाई म्हणते बाई." आणि रडायला लागला. आजाराचं ऐकून तो रडला नव्हता.

मी वर अहवाल पाठवला. त्यात शिपायाच्या चुकीच्या आधी माझा आदेश लिहिला आणि त्याखाली माझी सही केली. मला लेखी समज मिळाली. ती योग्यच होती. रक्त हुकमाने गोळा केलं की खरं बोलायची वाट आपणच बंद करतो. घाबरलेला माणूस फॉर्मवर खरं लिहीत नाही. त्याच्या त्या उत्तरांच्या खरेपणावर कुठल्या तरी खाटेवरच्या माणसाचा जीव टांगलेला असतो. रक्तपेढीच्या तपासण्या कितीही कडक असोत, सुरक्षेची सुरुवात देणाऱ्याच्या निर्भय उत्तरापासून होते. पुढे माझ्या ठाण्यात शिबिरं झाली, पण हजेरीला त्यांचा विषय मी काढला नाही. निम्मेच लोक येत. येत ते मनाने येत.

बाळ रुग्णालयातच जन्मलं, मुलगी. पहिल्या काही तासांत दोन्ही इंजेक्शनं दिली गेली. पुढचे डोस चुकू नयेत म्हणून बाई प्रत्येक वेळी स्वतः फोन करत होत्या. लेक वर्षाची झाली तेव्हा तिचं रक्त तपासलं. त्या दिवशी टोपलीवाला सरळ ठाण्यात आला, पहिल्यांदाच न घाबरता. स्टेशन डायरी लिहिणाऱ्या अंमलदाराच्या टेबलासमोर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब, पोरगी साफ निंगाली. मोठी झाली का थे देईल रक्त. तिच्या सोताच्या नावानं."