ओटीतला फोन

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत माझा पोरगा मस्कतला गेला. इथं वायरमनचं काम शिकला होता, तिथं एका बांधकामावर लागला. जाताना एक साधा मोबाइल घरी ठेवला अन् आईला नियम समजावून गेला. शुक्रवारी त्याची सुटी. त्या दिवशी तो घंटी देईल. उचलायचा नाही. वाजून बंद झाला की समजायचं, पोरगा खुशाल आहे. उचलला की त्याचे पैसे कटतात.

बायको माझी नियमाची पक्की. वेचणीच्या दिवसांत ती फोन ओटीत टाकायची, म्हणजे वेचलेला कापूस ठेवायला कमरेला फडकं बांधतात त्यात. शुक्रवारी कापसाच्या आतून घंटी वाजली की ती कापसाच्या दोन ओळींमधल्या तासात जागच्या जागी उभी राहायची, दोन्ही हातांनी ओटी धरून, वाजणं थांबेपर्यंत. सोबतच्या बाया चिडवायच्या, "बाई, लेकरू रडून राह्यलं ना वो, घे पदराखाली." घंटी थांबली की तिचे हात पुन्हा बोंडावर.

मी चौथी शिकलेला, पण भावाच्या गोष्टीत कोणाला हार गेलो नाही. आमच्या बाजारगावी, बोरी अरबला, चहाच्या टपरीवर आमचं फोनच्या भावावरून भांडण चालायचं. इथून मस्कतला मिनिटभर बोललं की किलोभर कापूस गेला असं मी धरलं होतं. तिथून इकडं बोललं की पोराचं एक वेळचं जेवण जातं, असं तोच म्हणाला होता. एका रिटायर गुरुजींची लेक अमेरिकेत होती. ते म्हणाले, तिकडं फोन करणाऱ्याचे कटतात अन् ऐकणाऱ्याचेही. मी म्हटलं, गुरुजी, ऐकायचे पैसे कोणत्या देशात लागतात? ते म्हणाले, लागतात. मी मानलं नाही. कापूस साऱ्या जगात स्वस्त झाला म्हणून आमचा भाव पडला, असं व्यापारी सांगायचा. मग बोलणंच काहून एका देशात एक अन् दुसऱ्या देशात दुसरं, असं मी टपरीवर ज्याला त्याला विचारायचो.

पुढं पोरासोबत काम करणारा एक जण सुटीवर आला. त्यानं निरोप आणला. तिथं नवीन कार्ड निघालं आहे, बोलणं एकदम सस्तं झालं, आता आईला फोन उचलायला सांगा. बायकोनं ऐकून घेतलं अन् सुपातले दाणे निवडत राहिली.

"सस्तं म्हनते तो," पाहुणा गेल्यावर ती मला बोलली. "म्या बी त्याले लहानपनी भाकर कमी पडली का म्हनो, बाबू, मी जेवली, तू खाय. तसंच आहे हे."

तिनं उचलला नाही.

त्या हिवाळ्यात तिचा दमा वाढला. यवतमाळच्या डॉक्टरनं शेत बंद करायला लावलं. ती बाजेवर अन् फोन उशाशी. शुक्रवारी वाजला की त्याच्यावर नुसता हात ठेवायची. उचल, त्याचा आवाज तरी ऐक, म्हणून मी एकदा रागावलो. ती म्हणाली, "तुमी आले का भाव पाहून?"

हे मला लागलं. दुसऱ्या दिवशी बोरी अरबला गेलो, फोनच्या दुकानात बसलो. दुकानदाराला सारं विचारलं. इथून तिकडं काय, तिकडून इकडं काय, अमेरिकेचं काय. त्यानं कुठंकुठं फोन लावून माहिती काढली. गुरुजी खरे निघाले. अन् पोरगाही खरा निघाला. त्या कार्डावर बोलणं सस्तंच होतं.

घरी येऊन तिला एकेक देश सांगितला. तिनं अमेरिकासुद्धा ऐकून घेतली. मग म्हणाली, "मंग या शुक्रवारी उचलीन." कोणतं बटन दाबायचं तेही विचारलं. मी हिरवं दाखवलं. तिनं त्यावर बोट फिरवून पाहिलं, दाबलं नाही.

बुधवारी दुपारी ती गेली.

पोराला दुकानातून कळवलं. त्याला सुटी मिळाली नाही. पासपोर्ट मालकाजवळ होता.

शुक्रवारी घर माणसांनी भरलेलं होतं. नेहमीच्या वेळेला तिच्या बाजेवर उशाजवळ फोन वाजला. कोणीच उठेना, साऱ्यांना तिचा नियम ठाऊक. मी जाऊन हिरवं बटन दाबलं.

"बाबा," तो म्हणाला. मग बराच वेळ नुसता श्वास.

"बोल ना," मी म्हटलं. "पैसे कटून राह्यले तुये."

"कटू द्या, बाबा. सस्तं आहे." मग म्हणाला, "जेवले काय?"

शेजारणीनं आणलेली भाकर कोपऱ्यात झाकलेली तशीच होती.

"जेवलो," मी म्हटलं. "तू?"

"मी बी."