ताईचं चाचणीचं मशीन

विंडोजऐवजी कॉम्प्युटरवर फुकट टाकता येतं ते लिनक्स. नवं लिनक्स आधी कच्चं येतं. बीटा म्हणतात त्याला. पक्की आवृत्ती बाहेर पडायच्या आत काही हौशी माणसं ते आपल्या मशीनवर टाकून बघतात आणि काय मोडतंय ते बनवणाऱ्यांना कळवतात. पैसे मिळत नाहीत, नाव होत नाही, आणि घरचे विचारत राहतात की हे नेमकं कशासाठी. ठाण्याला कोलशेतच्या घरात बसून मी कित्येक वर्षं हेच करतोय. पण ही हौस मुळात माझी नाही, माझ्या मोठ्या बहिणीची.

ताईची नजर कॉलेजात असल्यापासून अधू होत गेली आणि बँकेत लागल्यावर पूर्णच गेली. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम असतो. त्याच्या आवाजावर ती कॉम्प्युटर चालवायची. दर नव्या आवृत्तीत हा आवाज कुठे ना कुठे गप्प व्हायचा, कारण बनवणाऱ्यांना डोळे होते. म्हणून ताई बीटातच त्यांचा कान धरायची.

त्यासाठी तिने एक जुना लॅपटॉप बाजूला ठेवलेला. दर बीटाला तो पूर्ण पुसायचा आणि नव्याने भरायचा. रविवारी मी तिच्याकडे डोंबिवलीजवळ ठाकुर्लीला जायचो. पेन ड्राइव्ह लावला की ताईचं पहिलं फर्मान, "स्क्रीन काळी कर." मी उजेड पार कमी करायचो. तरी सवयीने मान तिकडे वळायचीच.

"बघतोयस ना?"

"नाही गं."

"खोटारडा. तुझी खुर्ची करकरली."

मग आम्ही दोघं त्या काळ्या पडद्यासमोर कान देऊन बसायचो. ताईचा नवरा, म्हणजे आमचे भावोजी, येता-जाता टोमणा मारायचे, "दोन शहाणे बंद टीव्ही बघतायत." त्या रविवारांइतकं सुख मला नंतर कशात मिळालं नाही, हे सरळच सांगून टाकतो.

ताई गेली. आजार, हॉस्पिटल, सगळं एका उन्हाळ्यात आटोपलं. तिचा रोजच्या वापरातला लॅपटॉप भाची पुण्याला घेऊन गेली. चाचणीचं मशीन टेबलावर तसंच राहिलं, कारण ते कुणाला नकोच होतं. मी बीटा तपासत राहिलो, पण माझ्या घरी, माझ्या मशीनवर, आणि डोळे उघडे ठेवून. मधल्या काळात खाडीवर माणकोलीचा पूल झाला. ठाकुर्ली केवढी जवळ आली, आणि तिकडे जायला कारण उरलं नाही. मला त्या पुलाचा राग यायचा. त्या बिचाऱ्याने काय केलंय? पण यायचा.

या खेपेच्या बीटात परदेशातल्या कुणीतरी तक्रार टाकली. पेन ड्राइव्हवरून चालवलं तर आवाज येतो, पण मशीनमध्ये कायमचं भरलं की पासवर्ड विचारणारा पडदा मुका. म्हणजे न दिसणारा माणूस स्वतःच्याच दाराबाहेर उभा. बनवणाऱ्यांनी उत्तर दिलं होतं, की हेच मॉडेल असलेल्या आणखी कुणी खात्री केली तर आत्ता बघू, नाहीतर पुढच्या आवृत्तीत. मी मॉडेल वाचलं. ते ताईच्या टेबलावरचंच होतं.

खात्री करायची म्हणजे मशीन पुसायचं. ताईने शेवटचं जे काही त्यात ठेवलं असेल ते जाणार. मी पान बंद केलं. दुसरं कुणीतरी पुढे येईल म्हणून वाट बघितली. कुणी आलं नाही. शेवटी भावोजींना फोन केला.

"ताईचं ते मशीन पुसावं लागणारे, भावोजी."

"ते तुझं नि तिचं होतं. मला काय विचारतोस? ये. जेवायलाच ये." आणि मग म्हणाले, "पण आधी आत काय आहे ते बघ रे."

मी गेलो. पेन ड्राइव्हवरून मशीन चालू केलं आणि आतली डिस्क उघडली. तिचा एखादा रेकॉर्ड केलेला निरोप, चार ओळी, एखादं गाणं, काहीही चाललं असतं मला. फोटोंचा फोल्डर रिकामा. गाण्यांचा रिकामा. कागदपत्रांचा रिकामा. डाउनलोडमध्ये आधीच्या बीटाची फाइल, बस. चाचणीच्या मशीनवर आपलं काही ठेवायचं नाही, हे तिने मला शिकवलेलं आणि स्वतः अगदी चोख पाळलेलं.

मला भयंकर राग आला. "एखादी फाइल ठेवली असतीस तर काय बिघडलं असतं गं?" मी मोठ्याने म्हणालो. भावोजी दारात उभे होते.

"काही नाही ना?"

"काही नाही."

"मला वाटलेलंच," म्हणाले आणि आत चहा टाकायला गेले.

डिस्क पूर्ण पुसायची का, असं मशीनने विचारलं. आत काहीच नाही हे आत्ताच बघितलेलं, तरी हात चालेना. शेवटी 'हो' दाबलं. भरून झालं, स्क्रीन काळी केली, मशीन परत चालू केलं. शांतता. तक्रार खरी होती. मी तसं सविस्तर लिहून कळवलं आणि काही दिवसांतच दुरुस्ती आली. तपासून बघा, म्हणाले.

पुढच्या रविवारी परत सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी भावोजींनीही खुर्ची ओढली. स्क्रीन काळी केली. मशीन चालू केलं. आणि मशीनमधून आवाज आला. एकेक शब्द सुटा, संथ, स्वच्छ मराठीत त्याने पासवर्ड मागितला.

"बोललं!" मी ओरडलोच.

भावोजी हसले नाहीत. मान तिरकी करून ऐकत होते.

"हे असं नव्हतं रे. तिचं केवढं फास्ट असायचं. संसार झाला आमचा, पण मला त्यातला एक शब्द कधी कळला नाही."

मी विसरलोच होतो. मशीन बोलायला लागलं की ताई आधी वेग वाढवायची. तिच्या कानांना तो पुरायचा नाही. मी पासवर्ड टाकून आत शिरलो आणि वेग वाढवला.

"अजून," भावोजी म्हणाले.

अजून वाढवला.

"अजून थोडा."

शब्द एकमेकांत मिसळून गेले आणि नुसती तडतड उरली. भावोजींनी हात वर केला.

"हां. हेच. स्वयंपाकघरात मला हे ऐकू यायचं. म्हणजे ती घरात आहे."

दुरुस्ती झाली, हे मला कळवायचं होतं. बनवणारे वाट बघत असणार. पण कळ दाबायचं थांबलो की आवाज थांबत होता. म्हणून मी मेनूवर नुसता खाली-वर करत राहिलो, आणि दोघांनाही एक अक्षर न कळता आम्ही ते ऐकत बसलो.