हंड्यावरनं ओवाळलेली तुरटी

पैज लावता का? ह्या गोष्टीची किंमत शेवटाला कुनी मोजली, ते ओळखून दाखवा! न्हाय जमायचं. नळ एक नि बिऱ्हाडं वीस, मग असल्या चाळीत किस्से साठनार न्हाय तर काय!

मी तवा सोलापुरात मिलमदी मागावर. शेजारी नरसम्मा, तेलगू विनकराची बायको. तिची दोन लेकरं हगवनीनं गेलेली. तिसरा यंकू आत्ता कुटं रांगाय लागलेला. डाक्टरनं बजावलं, "बाई, पानी साफ करून पाज. न्हायतर हेबी हातचं जाईल."

*

डाक्टर म्हनला, "हंड्यात तुरटी फिरव, गाळ खाली बसतो." नरसम्माच्या सासूला, अम्माला, निरोप पोचला निस्ता "तुरटी फिरवा". अम्मानं हंड्यावरनं तुरटी सात बारी ओवाळली नि टाकली चुलीत!

वर म्हनती, "बघ कशी फुगली! पान्याला दिष्ट लई होती."

*

मग डाक्टर म्हनला, "दुहेरी फडक्यानं गाळा." नरसम्माच्या नवऱ्यानं कोरं करकरीत कापड आनलं नि न धुताच हंड्याला बांधलं. सगळी खळ पान्यात उतरली की!

मी म्हनलो, "गड्या, पेज झाली. आता मीठ घाल!"

*

मुन्शिपाल्टीनं आवारातल्या हिरीत जंतू मारायची लाल दवा टाकली. पानी जांभळं! मी बोंब ठोकली, "फुकट रंग आलाय!" अम्मा सुताच्या लडी घेऊन पळाली. बुडवल्या जांभळ्यात, वाळल्या तपकिरी!

आठ दिस मला शिव्या. तेलगूत व्हत्या, म्हनून ग्वाड लागल्या.

*

शेवटी डाक्टर म्हनला, "पानी उकळाच." अम्मा खवळली, "अय्यो! उकळलेलं पानी मेलेलं असतंय. नातवाला मडं पाजू व्हय?" नरसम्मा पानी उकळायची, अम्मा मोरीत वतायची.

यंकूला हगवन लागली. नरसम्मा माझ्या दारात हुबी, डोळ्याला पदर. "अण्णा, कायतरी करा."

मी घरी पानी उकळलं, तांब्यात भरलं, वर तुळशीचं पान. "अम्मा, देवीचं तीर्थ! मेव्हना पुजारी हाय, रोज धाडनार हाय."

अम्मानं बोट लावलं. "कोंबट कसं?"

"देवीच्या पायापासनं आलंय. ऊब असनारच की!"

अम्मानं दोनी हातांनी तांब्या कपाळाला लावला. त्या दिसापासनं यंकूला दुसरं पानी न्हाय. चार दिसांत पोरगं हसाय लागलं.

पर अम्मा बी वस्ताद! म्हनली, "तीर्थ आननाऱ्यानं सोवळं पाळाय पायजे. यंकू चालंस्तवर मटन बंद!"

माझी बायको रस्सा हलवत म्हनली, "मी बघते की अम्मा त्येंच्याकडं."

दर आइतवारी ती मटनाचा रस्सा करायची, मला निस्ता वास. यंकू भिंत धरून हुबा ऱ्हायचा, एक पाय उचलायचा, माझ्याकडं बघून हसायचा, नि बुडावर बसायचा.

सात म्हैने!