फळ्यावरचा आठवा

संप फसला, गिरणी सुटली, आणि काशीराम घाडीकडे दोनच गोष्टी उरल्या : खोकला आणि अक्षर. अक्षर मात्र असं की बघणाऱ्याने वाचायचं विसरावं. घाटकोपरच्या टेकडीखाली नाक्यावर मंडळाचा काळा फळा होता, तो आपसूकच त्याच्याकडे आला. पाणी किती वाजता येणार, रॉकेल कुठे मिळतंय, कोण वारलं, हे तो रोज सकाळी लिही. खडू आदल्या दिवशीच साखरेच्या पाण्यात भिजत घाली. मग अक्षर ठसठशीत उमटे आणि कुणाचा खांदा घासला तरी पुसलं जात नसे.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात टेकडीवर दोनदा गोळ्या झाडल्या गेल्या. कोणी म्हणे तीन मेले, कोणी म्हणे तेरा. लोक दिवेलागणीलाच दारं लावू लागले. चौकीत विचारायला जावं तर, ‘तुला कशाला पाहिजे रे?’ तेव्हा काशीरामने हवालदार कुंडलिकला गाठलं. कुंडलिकचे रजेचे, बदलीचे अर्ज काशीरामच लिहून देत असे. त्या उपकारापोटी कुंडलिक रोज सकाळी चौकीच्या मागच्या खिडकीत येऊन डायरीतला आकडा तेवढा सांगे. नाव नाही, जागा नाही, फक्त आकडा. तो फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चढे : ‘या वर्षी आपल्या भागात गोळीबार – ४’. मग पाच. मग सात. आकडा कळल्याने भीती जात नाही. पण तिला काठ येतो, एवढंच.

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी काशीराम खडू आणायला उतरला होता. धाकू परब आपल्या दुरुस्तीच्या टपरीत स्टोव्हला पिन मारत बसला होता. टपरी कुणा बिल्डरच्या आड येत होती आणि धाकू हलत नव्हता, हे सगळ्या टेकडीला ठाऊक होतं. एक स्कूटर थांबली. मागे बसलेल्या सफारी सूटवाल्याने हात लांब केला. फटाक्यासारखा आवाज झाला, तोही हलका. धाकूने मांडी धरली आणि आश्चर्याने तिच्याकडे बघत राहिला. सफारीवाल्याने रस्ताभर नजर फिरवली. काशीराम विजेच्या खांबामागे होता. खांब अरुंद होता.

घरी येऊन त्याने पाहिलं ते सगळं बायकोला सांगितलं. शेवंतीने पाण्याचा तांब्या पुढे केला.

“तुमका कोणी बघल्यान?”

“म्हाईत नाय.”

“मगे गप ऱ्हवा. तुमी आज खडू आणूक गेलासच नाय. समाजला?”

सकाळी चौकीकडे पाय वळेना. कुंडलिक आपला चेहरा वाचील असं वाटलं. धाकूला लोकांनी इस्पितळात नेलंय, म्हणजे डायरीत नोंद झालीच असणार, असा त्याने हिशेब केला. खिडकीवर न जाता तो थेट फळ्यापाशी गेला. ओल्या फडक्याने सात पुसला आणि आठ लिहिला.

तासाभरात कुंडलिक आला. टोपी काखेत, आवाज खालचा.

“काशीरामभाऊ, आमच्याकडं सातच हायेत. आठवा कुठनं आणला?”

काशीरामच्या हातातला खडू मोडला.

“धाकूची नोंद…”

“धाकूचा स्टो फुटला. डायरीत तसं लिवलंय. कुणी लिवलं, का लिवलं, मला इचारू नगंस. सगळ्या नाक्याला म्हाईत हाय की तुला आकडा मीच देतो. मी दिला नाय म्हणजे तू बघितलास. शेंबड्या पोरालाबी कळंल हे. आधी पूस ते.”

रस्त्यापलीकडे पानवाल्याच्या गादीशी सफारीवाला उभा होता. तोही फळा वाचत होता. सावकाश, शेवटपर्यंत.

काशीरामने कोरडं फडकं मारलं. आठ हलला नाही. साखरेचा खडू. तो नळावर गेला, फडकं भिजवून आणलं, तर फळ्यापुढे द्रौपदी उभी. धाकूची बायको. रात्रभर इस्पितळात बसून आली होती, पदराला आयोडिनचा डाग. तिला अक्षरओळख नव्हती. आकडे तेवढे कळत.

“भावजी, ह्यो आठवो म्हणजे आमचेच मां?”

फडक्यातून पाणी काशीरामच्या चपलेवर ठिबकत होतं.

“इस्पितळात पोलिसांचो कागद मागतत. चौकीर म्हणतत, स्टो फुटलो. अवो, माझ्या घोवान उभ्या जन्मात एक स्टो फुटाक दिल्यान नाय! त्येका ह्या आयकान गोळीपेक्षा जास्त लागलाहा.” ती हसली की रडली, ते कळलं नाही. “ह्या फळ्यार हा, म्हणान मी हयसर इलंय. खराच हा मां ह्या?”

पानवाल्याकडे बघायचं नाही असं त्याने ठरवलं, आणि बघितलं. सफारीवाला चुना चाटत होता.

“होय, वयनी,” काशीराम म्हणाला.

मग त्याने ओलं फडकं फळ्यावर फिरवलं. पाण्याची वेळ पुसली, रॉकेल पुसलं, कुणाचातरी दहावा पुसला. कोपऱ्यातला आठ तेवढा ठेवला. उरलेल्या काळ्या जागेत काही लिहायला त्याला सुचलं नाही. दिवसभर तो रिकामा फळा आणि त्यातला एक आकडा लोक थांबून थांबून बघत होते. सफारीवाला केव्हा गेला, ते कुणी पाहिलं नाही.

दुपारी चारला दारावर थाप पडली. शेवंतीने कडी काढेपर्यंत काशीराम मोरीत जाऊन उभा राहिला होता. कुंडलिक होता, हातात कागद. काशीराम बाहेर आला.

“डायरीत आठ केलेत. साहेब म्हणाले, आख्ख्या टेकडीनं वाचलं, आता दडवून काय उपेग. धाकूला कागद मिळंल.” तो खाली मान घालून पुढे म्हणाला, “पण गोळी म्हणलं की साक्षीदार लागतो. त्या रकान्यात कोण घालू?”

शेवंती दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. “तेंका कायएक म्हाईत नाय.”

“वहिनी, मी बी तेच म्हणतोय. नाय म्हणा, मी निघतो.”

काशीरामने पेन मागून घेतलं. फळ्यावर त्याने कधी आपलं नाव घातलं नव्हतं. आता घातलं : काशीराम सखाराम घाडी. ओळ वाकडी गेली. ते त्याचं अक्षर आहे असं कुणी म्हटलं नसतं. पुढे पत्त्याचा रकाना होता. तो जरा थांबला. मग त्याने खोलीचा नंबरही लिहिला.