शेवटचा नवरदेव माझ्याकडे आहे

मंडळी, घाईत टाइप करतोय. मॉडेम चालू आहे तोवर माझा फोन एंगेज लागेल, आणि मला आत्ता सुलभाकाकूंचा फोन नकोय.

आज दुपारी त्यांच्याकडे गेलो होतो, इथल्या अमेरिकेतल्या डब्लिनला. त्यांची मृणाल दिसेल म्हणून, दुसरं कशाला. ती नव्हती. डायनिंग टेबलवर कापडी बाहुले मांडलेले: शिवकाळातला मुंडासं बांधलेला, पेशवाईतला पगडीवाला, आजोबांच्या काळचा काळी टोपी नि लांब कोटातला. काकू चौथा शिवत होत्या, आजचा, सुटाबुटातला.

"रिकामाच आहेस ना? कॉलेज तर सोडलंस. बस, कापूस भर."

मला वाटलं, मंडळाच्या गणपतीची सजावट असेल. मन लावून भरला. पगडीवाल्याला तर छान पोटही काढलं.

मग काकू चौघांनाही मुंडावळ्या बांधायला लागल्या.

"काकू, हे काय?"

"अरे, रुखवतात ठेवायचेत. मृणालचं ठरलं ना रविवारी. मुलगा ह्यूस्टनचा आहे. याला फक्त नाक-डोळे काढून चष्मा लावायचा राहिलाय."

त्या चहा टाकायला आत गेल्या. मी चौथा नवरदेव जॅकेटमध्ये कोंबला आणि ड्राइव्ह करत सरळ घरी आलो.

आता तो कीबोर्डशेजारी बसलाय. मुंडावळ्या आहेत, चेहरा अजून नाही.

मृणालला मी आजवर काहीच बोललो नाही, यार. बाहुला परत द्यावाच लागेल. पण काकूंच्या हातात देऊ, की मृणालच्या हातात देऊन एकदाचं बोलून टाकू? लवकर सांगा. मॉडेम बंद केला की फोन वाजणार आहे.