पाच जणींचा सातबारा

उज्वला आमच्या शाळेच्या आवारातली अंगणवाडी चालवायची. माझा चौथीचा वर्ग शेजारच्याच खोलीत, मध्ये एकच भिंत. तिच्या पोरांची गाणी माझ्या गणिताच्या तासाला ऐकू यायची. एखादं मूल रडायला लागलं की ती त्याला गप्प बस म्हणत नसे, नुसती त्याच्याजवळ जाऊन बसे. मोठ्या माणसांशीही ती तशीच वागायची.

आमच्या पाच जणींची भिशी तीच सांभाळायची. दर महिन्याला सगळ्यांनी सारखे पैसे घालायचे, चिठ्ठीत जिचं नाव निघेल तिने सगळी रक्कम न्यायची. कुणाला नड असेल तर तिने चिठ्ठीआधी सांगायचं, मग त्या महिन्याची रक्कम तिलाच. महापालिकेत नोकरीला असलेल्या रोहिणीने तसं सांगितलं होतं, मुलीच्या लग्नात मीही सांगितलं. उज्वलाने कधीच नाही.

म्हातारपणासाठी जमीन घेऊया, ही कल्पनाही तिचीच. म्हसरूळच्या पुढे एक तुकडा मिळाला. पाच वाटे करून वेगवेगळी खरेदीखतं होईनात, म्हणून पाचही नावं एकाच सातबाऱ्यावर चढली. कुणाचा वाटा कुठला, हे ठरवायचं राहून गेलं.

"आपल्या आपल्यात कशाला खुणा?" सुमनबाई म्हणाल्या होत्या. पंचवटीच्या बाजारात त्यांचा भाजीचा ओटा आहे. आम्हा सगळ्यांना ते पटलं.

पुढे तिथून मोठा रस्ता गेला. रस्त्यालगतच्या जागेला भाव आला, मागच्या जागेला कुणी विचारेना. मग प्रत्येकीच्या घरचे म्हणू लागले, पुढचा वाटा आमचा. पाच सह्या होईनात. ना विक्री, ना वाटणी.

आम्हा बाकीच्यांचं अडलं नव्हतं. मला आणि रोहिणीला पेन्शन, सुमनबाईंचा मुलगा कमावता, कळवणच्या बायडाबाईंची शेती. उज्वला मात्र निवृत्त झाली तेव्हा एकरकमी थोडे पैसे मिळाले आणि दरमहाचं मानधन थांबलं. एकटी बाई, भाड्याची खोली. तिच्या म्हातारपणाला ती जमीनच होती, आणि ती आम्ही अडकवून ठेवली होती.

अखेर सुमनबाईंच्या घरी बसलो. त्यांचा मुलगा सुयश म्हणाला, "चिठ्ठ्या टाका. जिचं नशीब, तिला रस्ता."

सवयीने वाटी उज्वलाच्या हातात गेली. तिने चिठ्ठ्या टाकल्या, हलवल्या आणि वाटी खाली ठेवली.

"ही चिठ्ठी एकदा निघाली की चार जणी कायमच्या मागे," ती म्हणाली. "मग आपण एकमेकींच्या घरी चहाला येऊ का, सांगा. त्यापेक्षा चिठ्ठी दर महिन्याला काढू. एक नर्सरीवाला सगळी जागा भाड्याने मागतोय, गुलाबाची रोपं ठेवायला. भाडं भिशीसारखं फिरवू. जमीन पाचही जणींची राहील."

"मावशी, रोपांच्या भाड्यावर म्हातारपण निघतं का?" सुयश हसला.

"तुझं शिक्षण कोथिंबिरीवर निघालं ना रे?"

सुमनबाई एवढ्या मोठ्याने हसल्या की सुयशही लाजून हसला. बायडाबाई म्हणाल्या, "आपल्याला लय पटलं. पण भाडं वाटूनच घ्या ना सरळ."

"वाटून घेतलं तर किराण्यात जातं, बायडाबाई. एकदम आलं तर पुढचे महिने पुरवता येतं."

रोहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती म्हणाली, "आम्हा दोघींची नावं पहिल्या वर्षी चिठ्ठीत नकोत. पेन्शन येतंय. तुम्ही तिघी फिरवा."

उज्वला नको म्हणायला लागली, तेवढ्यात सुमनबाईंनी वाटीवर हात ठेवला.

"थांबा. आधी विचारायची पद्धत हाय. कुणाला नड हाय का?"

आम्ही सगळ्या जणी चहाच्या कपांकडे बघत होतो. उज्वला पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. आम्हाला उत्तर माहीत होतं, पण ते तिनेच सांगायचं होतं, आणि इतक्या वर्षांत ते तिच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. सुमनबाई उठल्या आणि नुसत्या तिच्याजवळ जाऊन बसल्या.

"मला आहे," उज्वला हळूच म्हणाली. "खोलीचं भाडं थकलंय."

"मग पहिलं भाडं तुझं. अन् हे तोंड आधी उघडायला काय झालं होतं गं तुला?" सुमनबाईंनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

दुसऱ्या आठवड्यात नर्सरीवाल्याच्या करारावर पाच सह्या झाल्या. वर्ष सरल्यावर रोहिणीचं आणि माझं नावही चिठ्ठीत पडलं, आणि परवा माझी पाळी आली. पैसे द्यायला उज्वला स्वतः आली, चहा घेतला, तासभर बसली. ते पैसे मी बँकेत टाकले. पण ती अजून माझ्या घरी चहाला येते, याबद्दल आभार कुणाचे मानावेत ते मला कळलं नाही. म्हणून हे लिहिलं.