मिस

सेनगावच्या त्या मेकॅनिककडं इंग्रजी क्रियापद एकच होतं, 'मिस'. त्याची एसटी मिस व्हायची, मोबाइलवरून तो मिस कॉल मारायचा आणि बॉनेटला कान लावून, डोळे मिटून सांगायचा, "शेठ, इंजिन मिस मारून राहिलं."

मजुरीवरून आमची दर वेळी हुज्जत व्हायची. पण एकदा त्यानं चारचौघांत माझ्या जीपला भंगार म्हटलं. ते मी अजून विसरलेलो नाही. दोन महिने जीप हिंगोलीला नेली. तिथं कुणी हुज्जतच घालत नव्हतं.

एक दिवस त्यानं मला भर रस्त्यात अडवलं.

"काहून? इंजिन मिस मारून राहिलं का?" मी गुरकावलो.

"इंजिन बराबर हाये, शेठ. तुमाला मिस केलं."

"त्याची मजुरी किती?" म्हणत मी जीप त्याच्या गॅरेजात घातली.